आठ पोरांचा विषय

बारामतीतल्या एका लॉ कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणारे एक सर होते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबतो. इंदापूर कोर्टाच्या बाररूममध्ये हे वाक्य बोललो की कुणीतरी हसतंच, आणि मला त्या हसण्याचा आता कंटाळा आला आहे. जिथं बांधाचा कज्जा तीन-तीन पिढ्या चालतो तिथं दोन देशांच्या भांडणाचा कायदा कोण शिकणार, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. शिकणारे कमी होते हे खरं आहे, पण होते.

विषय ऐच्छिक होता. तिसऱ्या वर्षाला चार विषयांतला एक निवडायचा आणि ज्या विषयाला आठ विद्यार्थी मिळणार नाहीत तो बंद. बंद झालेला विषय पुन्हा कधी सुरू होत नाही, हे कागदावर कुठं नव्हतं, पण कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे सरांची अख्खी नोकरी आठ या आकड्याभोवती गेली. या भागातले ते पहिलेच, ज्यांनी हा विषय घेऊन पुढचं शिक्षण केलं, आणि पहिलेच ज्यांनी तो इथं शिकवायला आणला. आणला खरा, पण टिकवायला दर जुलैत दारोदार फिरावं लागायचं. बाकीचे प्राध्यापक वेळापत्रक लावत बसलेले असत तेव्हा सर पोरं धरायला निघायचे. धरायला हाच शब्द. एसटीत, झेरॉक्सच्या दुकानात, रसवंतीत, जिथं तिसऱ्या वर्षाचं पोरगं दिसेल तिथं.

मला त्यांनी कँटीनमध्ये धरलं. वडापाव अर्धा तोंडात होता.

"गाव कुठलं?"

"कऱ्हाटी."

"घरची विहीर सामाईक आहे का?"

"हाय. चुलत्यांत आन् आमच्यात."

"पाण्याची पाळी कोण ठरवतं?"

"कोण ठरवणार? ठरलेलीच हाय."

"आणि कुणी मोडली तर?"

"मोडत न्हाय कुणी."

"झालं की मग. निम्मा विषय तुला येतो," असं म्हणून त्यांनी माझ्याच पेनानं माझं नाव फॉर्मवर लिहून टाकलं. मला खरं तर कामगार कायदा घ्यायचा होता. घरचे म्हणायचे, त्यात वकिली चालते. तो राहिला तो राहिलाच.

दिसायला सर अगदीच साधे. पांढरा फुल शर्ट, गळ्याशी बटण लावलेलं, पायात चपला आणि खांद्याला बियाण्याच्या कंपनीची फुकट मिळालेली पिशवी. तिच्यात सगळं जग कोंबलेलं असायचं. राहायला निमगाव केतकीला. सकाळच्या एसटीनं बारामतीला यायचे, संध्याकाळच्या एसटीनं परत. मध्ये एकदा, तरुण असताना, शिष्यवृत्ती मिळवून तीन आठवडे हेगला जाऊन आले होते. तिथं जगाचं कोर्ट आहे. गावाकडून विमानात बसलेलं तेव्हा दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आल्यावर चावडीपुढं बसवून लोकांनी विचारलं, काय काय बघितलं? सर म्हणाले, "कालवे बघितले. भरून वाहतात आणि पाळी बघायला माणूस नाही."

"मग ते तर हितं बी हाय," एक म्हातारा म्हणाला, "त्यासाठनं इमानात कशाला बसायचं?"

सर हे स्वतःच सांगायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. हेगचा फोटो मात्र त्यांनी कधी कुणाला दाखवला नाही. कोट उसना होता म्हणे, आणि बाह्या लांब झाल्या होत्या.

त्यांचं वेड घरात, दारात, सगळीकडं चालायचं. शेजारच्या राधाक्काची शेळी रोज कुंपणातून आत यायची आणि सरांचा कढीपत्ता ओरबाडायची. दुसरा कुणी असता तर शेळीला धोंडा मारला असता, नाहीतर राधाक्काचा उद्धार केला असता. सर दर सोमवारी तिला एक निषेधपत्र द्यायचे. सुवाच्य अक्षरात. 'आपल्या ताब्यातील प्राण्याने आमच्या हद्दीत केलेल्या प्रवेशाबद्दल आम्ही तीव्र नापसंती व्यक्त करीत आहोत आणि शेजारी या नात्याने सलोखा कायम राहावा अशी अपेक्षा बाळगतो.' राधाक्काला वाचता येत नव्हतं. ती ते पत्र नातीकडून वाचून घ्यायची, पदरानं तोंड झाकून हसायची आणि संध्याकाळी तांब्याभर दूध पाठवायची. शेळी मंगळवारी पुन्हा आत. असं कितीतरी वर्षं चाललं. मी एकदा म्हणालो, "सर, कुंपण नीट करून घ्या की." तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वर्गात काही भलतंच बोललोय. म्हणाले, "कुंपण केलं तर बोलणं बंद होईल ना रे."

वर्गात दरवर्षी पहिल्याच तासाला एक प्रश्न यायचाच. आमच्या वर्षी तो माळेगावच्या एका पोरानं विचारला. "सर, ह्या कायद्याला पोलिस कुठं हाय?" वर्ग हसला. सर खूश. त्यांना हा प्रश्न हवाच असायचा. ते त्या पोराला उभं करून त्याच्या शेतावरची शेजपाळी विचारायचे. कालव्याचं पाणी आलं की चारीवर आधी कुणी भिजवायचं, मग कुणी, हे सगळं ठरलेलं असतं, त्याला आमच्याकडं शेजपाळी म्हणतात. "रात्री-अपरात्री चारीचं दार उचलून आपल्या रानात पाणी घेणं अवघड आहे का?" सर विचारायचे. पोरगं म्हणायचं, न्हाय. "मग घेत का नाहीस?" "उद्या माझी बी पाळी येणार हाय की सर." सर फळ्याकडं वळायचे आणि धडा सुरू. पोलिसाचा विषय तिथंच संपायचा.

ते तासाला जे बोलायचे ते सगळं त्यांनी मराठीत लिहून काढलं होतं. इंग्रजीतल्या जाडजूड पुस्तकांपुढं आमची पोरं बिचकतात म्हणून. दुहेरी ओळींच्या वह्या, सतरा-अठरा तरी असतील. त्यांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स होत होत त्या कुठं कुठं पोचल्या. पुढं मी सोलापूरकडच्या एका वकिलाकडं तशाच नोट्स बघितल्या. वर कुणाचंच नाव नव्हतं. सरांना येऊन सांगितलं तर म्हणाले, "पान चौदावर एक चूक आहे. त्याला फोन करून दुरुस्त करायला सांग." मला राग आला. त्यांना का येत नाही, याचा जास्त आला.

बरं, हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, माणूस मजेत होता. नव्हता. दमलेला होता. निवृत्त झाल्यावरसुद्धा तासिका तत्त्वावर येतच राहिले, कारण दुसरा कुणी तो विषय शिकवायला तयार नव्हता. दर जुलैत तीच पायपीट. पोरं दिसली की पळायची. "सर आले, सर आले," म्हणत पायऱ्यांवरून खाली. मी तोवर वकिली करून केस पांढरे केले होते आणि शनिवारी कॉलेजात दिवाणी प्रक्रियेचे दोन तास घ्यायचो, त्यामुळे हे रोजचं नाही तरी दर आठवड्याचं बघणं होतं. एवढा शिकलेला माणूस पोरांच्या मागं पळतो, हे बघवत नव्हतं.

गेल्या वर्षी ऑगस्टात ते मला बारामतीच्या स्टँडवर बाकड्यावर बसलेले दिसले. निमगावची गाडी समोर लागलेली, आणि हे बसून.

"सर, गाडी निघेल."

"पुढच्या गाडीनं जातो. पायरी चढवेना रे आज." मग पिशवीतून यादी काढून दाखवली. "सात झाले. एक कमी पडतोय."

"मग?"

"बघतो काहीतरी." यादीची घडी घातली. पुन्हा उघडली. "माझ्या डोळ्यांदेखत बंद व्हायला नको होता एवढंच. मी गेल्यावर काय करायचं ते करा म्हणावं."

बघतो काहीतरी. या दोन शब्दांचा अर्थ मी माझ्या पद्धतीनं लावला. वकील ना आम्ही! मला वाटलं, म्हातारा हरला. मला भरून आलं, आणि भरून आल्यावर माणूस जो शहाणपणा करतो तोच मी केला.

माझा चुलत भाऊ माळेगावला कारखान्यात कामाला होता. बढतीच्या आशेनं त्यानं लॉला नाव घातलं होतं, रडतखडत तिसऱ्या वर्षाला पोचला होता आणि आता कॉलेज सोडायचं ठरवून मोकळा झाला होता. मी त्याला फोन लावला.

"सोडलंस ते कॉलेजात सांगितलंस का?"

"न्हाय अजून."

"मग सांगू नको. विषयाचा फॉर्म मी भरतो."

"आरं दादा, पर मी तासाला येणार न्हाय हां."

"कोण ये म्हणतंय तुला? नुसतं नाव पाहिजे."

त्याची सही मीच केली. आमच्याकडं हे नवीन नाही. सोसायटीत, संस्थेत, सभेत, गणसंख्या भरायला कुणाची ना कुणाची नावं लागतात आणि मिळतात. कुणी त्याला खोटं म्हणत नाही, अडचण भागवली म्हणतात. फॉर्म घेऊन मी सरांकडं गेलो. त्यांनी नाव वाचलं, गाव वाचलं, आणि चेहरा असा उजळला की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

"कऱ्हाटीचा? तुमच्यातला?"

"चुलत भाऊ. पण सर, नोकरी करतो. तासाला यायला जमायचं नाही त्याला."

"काही हरकत नाही," सर म्हणाले. मी समजलो, विषय मिटला.

पुढच्याच रविवारी सकाळी आबांचा फोन. आबा म्हणजे माझे चुलते, त्या पोराचे वडील. आवाज दबका.

"आरं, तुझं सर आल्यात."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? हितं, कऱ्हाटीला, घरी. पोराला शिकवायला आलोय म्हणत्यात. पोरगं मागल्या दारानं पळालं डाळिंबात. आता काय करू?"

"चहा द्या. जातील."

"चहा कवाच दिला. त्यांनी वही काढलीय."

मी डोक्याला हात लावला. निमगावहून बारामती, बारामतीहून कऱ्हाटी, दोन गाड्या बदलून, जो माणूस स्टँडवर एक पायरी चढेना म्हणत होता तो आला होता. का, तर पोराला यायला जमत नाही म्हणून आपण जायचं.

आता आबांचं ऐका. दुसरा कुणी असता तर सांगितलं असतं, पोरगं घरात न्हाय, या आता. आबांना ते जमलं नाही. दारात आलेल्या मास्तराला, तेही म्हाताऱ्या, कसं परत पाठवायचं? ते म्हणाले, "पोरगं कामावर गेलंय सर. तुमी मला सांगा. मी त्याला सांगतो." आणि सातवी शिकलेले आबा टोपी सारखी करून वहीपुढं मांडी घालून बसले.

सरांना काही वावगं वाटलं नाही. उलट पुढच्या रविवारी पुन्हा आले. आणि त्याच्या पुढच्या. चुलती पिठलं-भाकरी करायची, सर जेवायचे, ओसरीवर वही उघडायची. पोरगं दर रविवारी डाळिंबात. आणि आबा, जे केवळ भिडेखातर बसले होते, ते अडकत गेले. मला अधूनमधून फोन करायला लागले.

"आरं, समुद्राची हद्द बारा मैलापत्तुर असती. ठावं हाय का तुला?"

"आहे आबा."

"वकील हायस, ठावं असंलच म्हणा. आन् त्याच्या म्होरं कुणाचं ते सांग बरं."

मी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा, पक्षकार खोळंबलेला, आणि आबा मला भर समुद्र शिकवतायत. मला हसू यायचं. मग फोन ठेवला की मी सही केलेला तो फॉर्म आठवायचा. मी ठरवलं, आपण जायचं आणि सरांना सांगायचं, आता पुरे, पोरगं आपलं आपण वाचेल. आणखी एक थाप, दुसरं काय.

दिवाळीनंतरचा रविवार होता. मी गाडी घेऊन गेलो तेव्हा तास सुरू झालेला. मी पायरीवर बसलो. सर तह कसे होतात आणि कसे मोडतात ते सांगत होते. जबरदस्तीनं सही घेतलेला तह टिकत नाही, हे झालं. आबा म्हणाले, बराबर हाय. मग सर म्हणाले, "आणि फसवून केलेला. समोरच्याला खोटं सांगून करार केला, तर त्याला जेव्हा कळेल तेव्हा तो म्हणू शकतो, मी हा मानत नाही."

चुलतीनं आत भाकरी थापणं थांबवलं, आवाज बंद झाला म्हणून मला कळलं.

"आन् कळलंच न्हाय तर?" आबांनी विचारलं.

"तर चालत राहतो."

"म्हंजे ज्याला फसवलं त्यो बिचारा पाळतच ऱ्हातो?"

"होय."

आबांनी टोपी काढली. मांडीवर ठेवली. माझ्याकडं एकदा बघितलं, आणि मी मान हलवली, नको म्हणून. त्यांनी ते बघितलं आणि बाजूला सारलं.

"सर, पोरगं शिकत न्हाय. त्यानं कवाच सोडलंय कॉलेज. नुसतं नाव दिलंय तुमाला. म्या त्याला काय बी सांगितलं न्हाय. तुमी इतक्या लांबनं येता आन् आमी तुमाला फसवतोय. माझ्यानं न्हाय हे पाळवत."

सरांचं वहीत ठेवलेलं बोट तसंच होतं. मग त्यांनी विचारलं, "फॉर्मवर सही कुणाची आहे?" आबांना ते ठाऊक नव्हतं. मी पायरीवरून म्हणालो, "माझी."

त्यांनी राहिलेली दोन पानं शिकवून पूर्ण केली. देवाशप्पथ सांगतो, पूर्ण केली. आबांनी ती ऐकली. मग सरांनी वही पिशवीत घातली, चुलतीला नमस्कार केला आणि म्हणाले, "गाडी आणलीयस ना? सोड मला निमगावला."

कऱ्हाटी ते निमगाव केतकी, मधली बारामती धरून, दीड तास आम्ही शेजारी बसलो होतो. मीच बोलत होतो. "सर, कुणाला कळणार आहे? परीक्षेला बसला नाही म्हणून नापास होईल, एवढंच. विषय तर चालू राहील." ते काचेतून उसाकडं बघत होते. बारामती सोडल्यावर म्हणाले, "मला कळलंय ना."

मी त्यांना दारात सोडून निघणार होतो. खरं सांगायचं तर पळणार होतो. म्हणाले, "आत ये." स्वतः चहा टाकला. मग टेबलावरचा कागद ओढून प्राचार्यांना पत्र लिहायला लागले. माझ्या विषयाच्या यादीतील आठवे नाव वस्तुस्थितीला धरून नाही, प्रत्यक्ष विद्यार्थी सात आहेत, नियमाप्रमाणे कार्यवाही व्हावी. माझं नाव कुठं घातलं नाही. नियमाप्रमाणे म्हणजे काय ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. सात पोरं कामगार कायद्याला जाणार आणि सरांचा विषय यादीतून उडणार. तोही त्यांच्याच अक्षरानं.

"सर, असं नका करू. माझी चूक आहे, मी प्राचार्यांना सांगतो. तुम्ही कशाला..."

"वकील," ते म्हणाले, "एक विद्यार्थी कमी असेल तर विद्यापीठाकडून एका वर्षाची सूट मिळते. ऑगस्ट संपायच्या आत अर्ज द्यावा लागतो. मी पूर्वी दोनदा घेतली आहे."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी पिशवीच्या तळातून एक लिफाफा काढून माझ्यापुढं ठेवला. आत अर्ज होता. त्यांची सही, खाली प्राचार्यांची शिफारस, शिक्का, सगळं तयार. फक्त पाठवलेला नव्हता.

"तू फॉर्म घेऊन आलास ना, त्या दुपारच्या टपालानं जाणार होता हा. आठवा मिळाला म्हणून ठेवून दिला. खोटी सूट कशाला मागायची, आठ आहेत तर?"

"मला बोलला असतात तर..."

"तू विचारलं नाहीस. मी बघतो म्हणालो होतो."

मी तो अर्ज हातात धरून बसलो. सात विद्यार्थी, खाली सात नावं, प्रत्येकाचं गाव लिहिलेलं. मुदत संपून अडीच महिने झाले होते. बावीस वर्षं वकिली करतोय, मुदत गेल्यावर काही करता येत नाही हे मी रोज दुसऱ्यांना सांगतो.

"सर," मी म्हणालो, "रागावलात का?"

"हो," सर म्हणाले. "खूप रागावलोय. चहा घे, गार होतोय."

मी घेतला. कपात काही ठेवलं नाही.